गुरुवारचा आवाज

इब्राहिम मीरासाहेब तांबोळी याची गिटार बारा वर्षं कपाटावर आडवी पडून होती, आणि ती तिथं आहे याची आठवण त्याला मेहुण्यानं करून दिली.

एकोणऐंशी सालचा जानेवारी होता. कासारवाडी स्टेशनजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत गुलजार जेवायला आला होता. गुलजार म्हणजे इब्राहिमच्या बायकोचा, झुलेखाचा धाकटा भाऊ. वय अठ्ठावीस. दिवसा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहायचा आणि सणासुदीला कामगार वसाहतींतून कार्यक्रम करणाऱ्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. ती गिटार दुसऱ्याची, मागून आणलेली. हात धुता धुता त्यानं वर पाहिलं.

"दुल्हाभाई, ती मला देऊन टाका ना. नुसती धूळ खातीय."

"ने बाबा," झुलेखा म्हणाली, "कपाट पुसताना दर वेळी डोक्याला लागते." मग तिचं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि ती भांडी गोळा करायला लागली. "नाहीतर तुमचं तुम्ही बघा. मी कशाला मध्ये पडू?"

इब्राहिमकडे बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते गुलजारच्या बाजूचं होतं. कंपनीत नियम होता: सहा महिने न वापरलेलं हत्यार स्टोअरला जमा करायचं. हा नियम त्याला नेहमीच न्याय्य वाटत आला होता. दुसऱ्याच्या पेटीत गंजत पडलेला पाना त्यानं स्वतः उचलून जमा केलेला होता. तरी 'ने' हा एवढासा शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

वडील चाकणच्या बाजारात स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. बासष्ट साली, चोविसाव्या वर्षी, इब्राहिम पुण्यात एका ऑर्केस्ट्रात लागला तो सामान उचलायला. तिथंच हवाईयन गिटार शिकला. ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवतात, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत नेतात. बोटाखाली दाबायला ठरलेली जागा नसते. कांडी कुठं थांबली, तो सूर. जरा अलीकडे थांबली तर सूर उतरलेला, पलीकडे गेली तर चढलेला. इब्राहिमची कांडी बरोबर जागी थांबायची. पाच वर्षं थांबत राहिली.

सदुसष्ट साली पिंपरीच्या कंपनीत प्रेस शॉपमध्ये नोकरी मिळाली. सेकंड शिफ्ट आणि ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम एकाच वेळी येत. परमनंट व्हायची वेळ आली तेव्हा त्यानं ऑर्केस्ट्रा सोडला. कुणी बळजबरी केली नव्हती. वडील काही म्हणाले नव्हते, झुलेखा तर नुकतीच घरात आली होती. त्यामुळे पुढं कधी आतून काही ढवळलं, तर बोट दाखवायला कुणी नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायर त्यानं एका मांडववाल्याला देऊन टाकला. गिटार तेवढी राहिली, कारण ती कुणी मागितली नाही.

आता तो सेटर होता. घराएवढ्या प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवायची, खाली कागदाएवढ्या पातळ पट्ट्या सरकवून ती तोलायची, पहिला तुकडा पाडायचा आणि तो उजेडात धरून बघायचा. पहिला तुकडा बरोबर आला की पुढचे दहा हजार तसेच येणार, या विश्वासावर त्याची बारा वर्षं गेली होती.

"एक महिना दे मला," अखेर तो गुलजारला म्हणाला. "हात शिल्लक असला तर ठेवतो. नसला तर तू ने. माझा शब्द."

"आणि हाताचं कळणार कसं?"

"आवाज लागेल. एक लहानसा अ‍ॅम्प्लिफायर बघतो. घरापुरता."

तसं त्याचं म्हणणं बरोबर होतं. विजेवरची ही गिटार नुसती छेडली तर डास गुणगुणल्यासारखी वाजते. त्या गुणगुणीवरून कुणाच्या हाताची परीक्षा होत नाही.

पुढच्या सुट्टीला तो पुण्यात रेडिओवाल्यांच्या तपकीर गल्लीत गेला. गिटार चादरीत गुंडाळून बगलेत. दुकानदारानं काळ्या रंगाची चकचकीत पेटी पुढं ओढली.

"ट्रान्झिस्टर सेट आहे, चाचा. पन्नास वॉट. अख्ख्या मैदानाला पुरेल."

"मला दोन खोल्यांना पुरवायचाय."

"मग बारीक करून वाजवा. बारीक करायचं बटन दिलंय ना!"

त्यानं बारीक करून वाजवला. सूर स्वच्छ होता, फारच स्वच्छ. पत्र्याचा तुकडा कापून निघतो तेव्हा त्याच्या कडेला जी धार राहते, तशी प्रत्येक सुराला धार होती. हात फिरवला तर कापेल. त्याच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह होते, काचेचे. तापायला मिनिटभर घ्यायचे, आणि मग आवाज उबदार होऊन बाहेर पडायचा. त्यानं व्हॉल्व्हचं विचारलं तर दुकानदार हसला.

"ते आता आजोबांच्या रेडिओत सापडतील. किंवा देहूरोडला तो हवालदार बसतो ना, त्याच्याकडे. मिलिटरीचा माल उचलतो लिलावात."

हवालदार म्हणजे धर्माजी. मोशीच्या पुढच्या एका खेड्यातला माणूस. वीस वर्षं फौजेत वायरलेस सांभाळून परत आला, शेती भावाकडेच राहू दिली आणि देहूरोडच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान कसलं, व्हॉल्व्हांचा कबूतरखानाच होता तो: भिंतभर खण, खणाखणांत कापसात ठेवलेल्या काचा. मंगळवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर घरी जाऊन, गिटार घेऊन इब्राहिम तिथं पोचला तेव्हा दिवे लागले होते. बल्ब पिवळे, झोपाळू. तिकडे इब्राहिमचं लक्ष गेलं नाही. संध्याकाळी बल्ब असेच असतात.

धर्माजीनं चष्म्यावरून गिटारकडे बघितलं. "वाजवतोस, का नुसती मिरवतोस?"

"तेच बघायचंय, हवालदार."

"मंग बस. तीन हायेत माझ्याकडं. तिन्ही ऐक. मी काय बी बोलणार न्हाई, न्हाईतर म्हणशील म्हाताऱ्यानं गळ्यात मारला."

पहिला मांडवातला, पंचवीस वॉटचा, दोघांनी उचलावा असा. मोठा केला की तो जागा व्हायचा, लहान केला की लगेच घोरायला लागायचा. इब्राहिमनं मान हलवली. कासारवाडीत भिंतीपलीकडे शेजारी होते, त्यांच्या लेकी अभ्यास करायच्या. दुसरा जुन्या रेडिओच्या पोटातून काढलेला. आवाज गोड, पण सुराच्या मागं सतत एक घूं, जणू विहिरीत उभं राहून कुणीतरी हुंकारतंय.

तिसरा लहान होता. पाच वॉट, दोन लहान व्हॉल्व्ह आणि एक मोठा, आठ इंची स्पीकर. पेटी ओबडधोबड, आणि लाकडावर पांढऱ्या रंगातले अर्धवट आकडे.

"हे नंबर कसले?"

"दारूगोळ्याच्या खोक्याचं लाकूड हाय ते. भिऊ नको, रिकामं होतं."

इब्राहिमनं नख्या चढवल्या. पहिली तार छेडली, कांडी वर नेली, थांबवली. सूर निघाला आणि जरा मोठा होताच वाकला. मोडला नाही, वाकला. भरलेल्या फांदीसारखा खाली आला आणि तिथंच झुलत राहिला. बारा वर्षांपूर्वीचा कुठलातरी स्टेज, मांडवाच्या कनातीचा वास, पुढच्या रांगेत पेंगणारं पोर, हे सगळं त्याच्या मांडीवर येऊन बसलं. तो दहा मिनिटं वाजवत राहिला. धर्माजी खरंच काही बोलला नाही. नंतर एवढंच म्हणाला, "तोंड बघ आरशात. ह्योच घेणार तू."

मग पायानं चालवायची दोन यंत्रं निघाली. एक आवाज लहानमोठा करायचं पेडल. ते धर्माजीनं भंगारातल्या टेम्पोच्या अ‍ॅक्सिलरेटरवरून बनवलं होतं. तार छेडायची तेव्हा पाय वर, सूर निघाला की पाय हळूहळू खाली. म्हणजे छेडल्याचा टणत्कार ऐकूच येत नाही, सूर कुठूनतरी उगवल्यासारखा येतो. दुसरी एक पत्र्याची डबी, पाय मारला की आवाज थरथरायला लागायचा, पाण्यावर पडलेल्या दिव्यासारखा.

"ह्याचा उपयोग काय?" इब्राहिमनं डबीकडे बोट दाखवलं.

"गाण्यात रडायचं असलं की लोकं दाबत्यात."

"आणि नसलं तर?"

"तरी बी दाबत्यात. आठ दिस दोन्ही वापर. न्हाई पटली तर आणून दे."

पेटी लोकलनं घरी आली. बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर, हात-तोंड धुऊन, चहा घेऊन, इब्राहिम गिटार मांडीवर घेऊन स्टुलावर बसला. एका पायाशी पेडल, दुसऱ्या पायाशी डबी. झुलेखा आतल्या खोलीत पीठ मळत होती. तो वाजवत होता, आणि आवाज कालच्यासारखाच होता, उबदार, वाकणारा. पाय खाली गेला की सूर फुगायचा, डबी दाबली की थरथरायचा. तासाभरानं झुलेखा दारात येऊन उभी राहिली. तिच्या हाताला पीठ तसंच.

"लग्नानंतर दोनदाच ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "एवढं चांगलं होतं का तेव्हा?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणे! आवडलं की माणूस असं तोंड पाडून बसतं का?"

तो हसला. पहिला तुकडा बरोबर आला होता. "गुलजारला उद्या बोलाव," तो म्हणाला. "ऐकू दे त्याला. म्हणजे पुन्हा मागणार नाही."

दुसरा दिवस गुरुवार. या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या दिवशी पिंपरीपासून भोसरीपर्यंत भोंगे गप्प, भट्ट्या थंड, रस्त्यांवर धुतलेल्या लेंग्यातली माणसं पिशव्या घेऊन हिंडतात. गुलजार चार वाजता आला, येताना भजी घेऊन. इब्राहिमनं त्याला समोर बसवलं, पेटी लावली, व्हॉल्व्ह तापू दिले आणि सुरुवात केली.

तिसऱ्याच सुराला काहीतरी बिघडलंय हे त्याला कळलं. आवाज वाकत नव्हता. ताठ येत होता, सरळ, कडक, आणि त्याच्या कडा दिसत होत्या. कांडी जिथं थांबायला हवी त्याच्या अलीकडे थांबत होती, मग चोरट्यासारखी पुढं सरकत होती. आणि ते सरकणं सगळ्या खोलीला ऐकू येत होतं. वरच्या पट्टीत जाताना नखी दोन तारांना लागली. त्यानं पायानं आवाज फुगवला तर चूक फुगली. डबी दाबली तर चूक थरथरायला लागली. काल ज्या चालीवर झुलेखा दारात येऊन उभी राहिली होती, तीच चाल अर्ध्यावर सोडून त्यानं कांडी खाली ठेवली.

गुलजार भजीच्या कागदाकडे बघत होता. "बॉक्स बरोबर नाही, दुल्हाभाई," तो हळूच म्हणाला. "तुमचा काही प्रश्न नाही. बॉक्सच जुनाट आहे."

तो मन राखायला बोलतोय हे इब्राहिमला कळलं, आणि ते कळणं जास्त झोंबलं. "काल हाच बॉक्स होता," तो म्हणाला. "मशीन तेच, डाय तीच. मग माल खराब निघतोय तो कुणामुळं?"

"दुल्हाभाई, असं—"

"रविवारी ये. घेऊन जा."

शुक्रवारी तो निरोपाचं वाजवायला बसला. गिटार पुसून, तारा कोरड्या फडक्यानं स्वच्छ करून, जणू परक्या घरी पाठवायच्या मुलीला नटवावं तशी त्यानं ती मांडीवर घेतली. आणि आवाज पुन्हा वाकला. शनिवारीही. कांडी जागेवर थांबत होती, निदान तसं वाटत होतं. आता तर तो गोंधळूनच गेला. एक दिवस हात आहे, एक दिवस नाही, असं कसं? ताप येतो तसा हात येतो-जातो का? की गुलजार समोर होता म्हणून? माणसासमोर वाजवायची हिंमतच गेली असेल, तर मग राहिलं काय?

रविवारी गुलजार आला तेव्हा इब्राहिमनं गिटार काढलीच नाही. "शुक्रवारपर्यंत थांब," तो म्हणाला. "मध्ये एक सुट्टी आहे, एकटा वाजवून बघतो."

"आता आणखी काय?" गुलजारचा आवाज चढला. "हो की नाही ते सांगा ना. शिवजयंतीचे कार्यक्रम लागलेत, ऑर्केस्ट्रावाला रोज विचारतोय. आपा, तू तरी सांग ह्यांना."

"मी कशाला सांगू? महिना दिलाय ना तू? मग महिना होऊ दे," झुलेखा म्हणाली. "चहा पी आणि गप बस."

पुन्हा गुरुवार आला. दुपारी इब्राहिम एकटाच वाजवत बसला. समोर कुणी नव्हतं, भ्यायचं कारण नव्हतं. आणि आवाज तसाच, ताठ, धारदार. त्यानं नख्या काढून जमिनीवर टाकल्या. झुलेखा उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"गुरुवारी आपल्या घरात काही धड चालतच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? विजेच्या शेगडीची कॉइल तीनदा गेली, तिन्ही वेळा गुरुवारी. इतर दिवशी तिच्यावर पाणी तापता तापत नाही, आणि आज बघा, दूध ऊतू गेलं. बल्ब पण गुरुवारीच उडतात. मी तर गुरुवारी इस्त्रीच लावत नाही, तुमचा शर्ट जळला होता तेव्हापासून."

"हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही शेगडीचं कधी विचारलंत?"

इब्राहिमनं उठून दिवा लावला. दिवसाउजेडीही बल्ब पांढरा फटफटीत पेटला. रोज संध्याकाळचा तो पिवळा, झोपाळू बल्ब त्याला आठवला, आणि मग सगळं एकदम समजलं, इतकं सोपं की त्याला स्वतःची लाज वाटली. रोज त्या वेळी या पट्ट्यातल्या हजारो मोटरी वीज ओढत असतात. त्यांचं पोट भरून उरलेली, दमलेली वीज त्याच्या पेटीत येते. आज त्या सगळ्या झोपल्या होत्या. त्याची स्वतःची प्रेससुद्धा.

तो पेटी घेऊन तसाच देहूरोडला गेला. धर्माजीनं ऐकून घेतलं, मीटर काढलं, त्याच्या दोन सुया सॉकेटमध्ये खुपसल्या आणि काटा दाखवला.

"दोनशे पन्नास. काल ह्याच वक्ताला बघितलं होतं, एकशे ऐंशीच्या वर न्हाई गेलं. तुझ्याकडं बी तसंच आसंल. वीज उतरली की व्हॉल्व्ह दमतो, इब्राहिमभाई. दमला की आवाज मऊ पडतो, लवकर वाकतो. आज त्याला पोटभर मिळालंय, म्हणून ताठ उभा हाय."

"म्हणजे हात ठीक आहे माझा?"

"ते मला काय इचारतोस? मी वीज बघतो, हात न्हाई." मग त्याला दया आली असावी. त्यानं खणातून एक ट्रान्सफॉर्मर काढला, बाजूला फिरवायचा खटका असलेला. "हे मधी बसवून देतो. बेस्तरवारी खटका फिरवला की वीज कमी हुती. मंग हप्त्याचे साती दिस तुझा बुधवार. कायमचा बुधवार करून देतो, बोल."

इब्राहिमनं ट्रान्सफॉर्मर हातात घेतला. चांगलाच जड होता. कायमचा बुधवार. झुलेखा दारात उभी, हाताला पीठ. उद्या शुक्रवार, उद्या तर ट्रान्सफॉर्मरही लागणार नाही. गुलजार येईल, आवाज वाकेल, गुलजार मान डोलावेल आणि गिटार घरात राहील. दिलेला शब्दही राहील.

"हवालदार, खरा आवाज कुठला? बुधवारचा की आजचा?"

"आवाजात खरं-खोटं काय नसतं, राव. तुला कुठला आवडतो त्यो घे."

"पण चूक कुठल्यात दिसते?"

धर्माजीनं मीटरच्या सुया सॉकेटमधून काढल्या. "आजच्यात," तो म्हणाला. "दमलेला व्हॉल्व्ह समदं पोटात घालतो. सूर थोडा उतरला तरी त्याच्या उबीत खपून जातो. आणि ते पेडल, ते बी तसलंच. फौजेत आमी म्हणायचो, शत्रूचा संदेश ऐकायचा तर सेट पुऱ्या विजेवर पायजे, नसता आपल्याला पायजे तेच ऐकू येतं."

इब्राहिमनं ट्रान्सफॉर्मर परत खणात ठेवला.

घरी येऊन, सूर्य मावळायच्या आत, त्यानं पेटी पुन्हा लावली. पेडल आणि डबी बाजूला काढली, गिटारची तार थेट पेटीत खोचली. चाल वाजवायची नाही असं त्यानं ठरवलं. नुसता एकेक सूर. डाय तोलताना जसं एकेका कोपऱ्यात माप घेतो तसं. छेडायचं, कांडी न्यायची, थांबायचं आणि ऐकायचं.

तासाभरात हिशेब स्वच्छ झाला. खालच्या अर्ध्या पट्टीत हात होता. सावकाश गेला तर कांडी जागेवर जाऊन थांबत होती आणि सूर निखळ लागत होता, कडक पण निखळ. वरच्या अर्ध्या पट्टीत ती अर्धं सूत, जेमतेम दोऱ्याएवढी, मागं राहत होती, दर वेळी, नेमानं. आणि वेग गेला होता. ऑर्केस्ट्रात ज्या ताना तो हसत, पुढच्या रांगेकडे बघत काढायचा, त्या आता येणार नव्हत्या. बारा वर्षं लोखंड उचललेलं मनगट त्या वळणावर वळतच नव्हतं. ते परत येईल असंही त्याला वाटलं नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला आपल्या सांध्यांचं कळतं.

तेव्हा हात होता आणि नव्हता. शब्द देताना त्यानं या तिसऱ्या गोष्टीचा विचारच केला नव्हता.

शुक्रवारी गुलजार आला तेव्हा बल्ब पिवळा होता आणि पेटी भिंतीशी तयार होती. झुलेखानं चहा ठेवला.

"वाजवा," गुलजार म्हणाला. "ऐकून सोक्षमोक्ष लावू."

"आज वाजवत नाही. आज चांगलं वाजेल."

"म्हणजे?"

इब्राहिमनं त्याला सगळं सांगितलं. कॉइल, बल्ब, दोनशे पन्नास, एकशे ऐंशी. वरच्या पट्टीतलं अर्धं सूतही सांगितलं. "ऑर्केस्ट्राचा हात गेला," तो म्हणाला. "पक्का गेला. त्या गुरुवारी तू ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. बॉक्स चांगला आहे."

गुलजारनं मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं होतं, आणि त्याचबरोबर त्याचा हात गिटारच्या चादरीकडे गेला होता. "मग... नेऊ ना?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"देत नाही."

"तुम्ही शब्द दिला होता, दुल्हाभाई. हात नसला तर तू ने, असं म्हणाला होतात. आपा, तू होतीस इथं."

"दिला होता," इब्राहिम म्हणाला. "मोडतोय. मला दुसरं काही म्हणता येत नाही."

"पण कशाला? तुम्हीच सांगताय वाजत नाही म्हणून! स्टेजवर जाणार नाही, कुणाला ऐकवणार नाही. मग ठेवून करणार काय?"

"वाजवणार. जेवढं आहे तेवढं."

गुलजार बहिणीकडे वळला. झुलेखानं कपबशी त्याच्यापुढं सरकवली. "मला वाटलं होतं तू न्यावीस," ती म्हणाली. "खरंच वाटलं होतं. काल ह्यांना एकेक सूर मोजताना बघितलं, आता नाही वाटत. रागव माझ्यावर."

इब्राहिमनं पेडल आणि थरथरणारी डबी उचलून गुलजारसमोर ठेवली. "ही घे. हवालदाराचं मी बघतो. स्टेजवर दोन्ही लागतात, माझ्या उपयोगाची नाहीत. चूक झाकली की मला माझं काहीच कळत नाही."

गुलजारनं ते टेम्पोचं पेडल हातानं दाबून बघितलं. मग त्यानं दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या. "चांगली आहेत," एवढंच बोलला, आणि चहा तसाच ठेवून गेला. त्यानंतर ईदपर्यंत तो त्या घरात आला नाही. शिवजयंतीला त्यानं मागून आणलेल्याच गिटारवर कार्यक्रम केले. पुढं दोन वर्षांनी स्वतःची घेतली, पण ती घेताना इब्राहिमला बरोबर नेलं नाही. दोघांत बोलणं चालू राहिलं, जाणं-येणंही चालू राहिलं; फक्त गिटारचा विषय निघाला की दोघंही दुसरीकडे बघत. शब्द मोडल्याचं इब्राहिमनं कधी नाकारलं नाही, आणि त्याबद्दल स्वतःला माफही केलं नाही.

इतर दिवशी त्यानं वाजवणं बंद केलं. बुधवारी हात शिवशिवायचे, पण तो पेटीला हात लावायचा नाही. गुरुवारी दुपारी, भोंगे गप्प असताना, दोन तास. शेजारी पहिल्यांदा म्हणाले, तांबोळ्याच्या घरात रेडिओ बिघडलाय वाटतं, एकच सूर पुन्हा पुन्हा वाजतोय. मग त्यांनाही सवय झाली. पहिलं वर्ष चाली नव्हत्याच. ऐंशीच्या उन्हाळ्यात एक सावकाश चाल आली, सबंध, खालच्या पट्टीतली. तिच्यात लपायला जागा नव्हती. एकेक सूर उघड्यावर उभा.

झुलेखा कामात असायची आणि ऐकतही असायची. तिला संगीतातलं काही कळतं असं ती कधी म्हणाली नाही. पण एवढे गुरुवार तोच सूर ऐकून ऐकून तिच्या कानात त्याची जागा पक्की झाली होती. एकदा तो वरच्या पट्टीत कांडी नेत होता. सूर लागला आणि तो पुढं जाणार, तोच आतून तिचा आवाज आला.

"राहिला."

"काय राहिला?"

"खाली राहिला तो. अजून जरासा वर घ्या."

त्यानं कांडी केसभर सरकवली.

"अजून," ती म्हणाली.